राजाच्या जिभेवरचा शब्द

एका राज्यात, जिथे डोंगर निळे होते आणि माती तांबडी, राजाच्या जिभेवर एक शब्द राहत असे. तो शब्द होता 'बहाल'.

राजाच्या खजिन्यात रत्ने होती, पागेत घोडे होते. पण प्रजेला कौतुक होते ते या शब्दाचे. राजा एखाद्याच्या मस्तकावर हात ठेवी, त्याच्या कामाचे नाव घेई आणि म्हणे, "बहाल." त्या क्षणापासून ते काम त्या माणसाचे होऊन जाई. नावाड्याला बहाल केले, की पुराचे पाणी त्याच्या वल्ह्यापुढे मऊ पडे. वैद्याला बहाल केले, की रोग्याची नाडी त्याच्या बोटांशी आपण होऊन बोलू लागे. आणि एकदा बहाल झालेले राजालाही परत मागता येत नसे. शब्दाचा स्वभावच तसा होता.

राजा वज्रबाहूने हा शब्द पुष्कळ वर्षे आनंदाने वापरला. मग दुर्गाच्या दरवाजाची घटना घडली.

दुर्गाचा अडसर सेनापती शूरपालाला बहाल होता. शत्रूने वेढा घातला, आणि एका सकाळी शूरपालाने आपल्या हाताने अडसर सरकवला, दरवाजा उघडला. लढाई झाली, शत्रू पळाला, पण राजाचा एकुलता मुलगा उंबरठ्यावर पडला. शूरपाल त्याच दिवशी नाहीसा झाला. त्याने असे का केले, ते कुणालाच कळले नाही.

मुलाची चिता विझली नव्हती, तोच राजाने धूम्रकेश मायावीला बोलावले. धूम्रकेशाच्या केसांतून अखंड धूर निघे. तो दरबारात येऊन उभा राहिला, तेव्हा छताला काजळी धरली.

"मी दिलेले सारे मला परत हवे," राजा म्हणाला.

"शब्द तसे करू देणार नाही, महाराज. पण शब्दच काढून घेता येईल. तो गेला, की त्याने दिलेले सारे तुमच्याकडे येईल."

"मोबदला?"

"शब्द माझ्याकडे राहील."

राजकन्या उत्पला पित्याच्या आसनाशेजारी उभी होती. ती म्हणाली, "तात, थांबा. आज काही ठरवू नका."

राजाने तिच्याकडे पाहिले. त्याचे डोळे रडून सुजले होते. "मला आता कुणावर विसंबायचे नाही, उत्पला," तो म्हणाला आणि त्याने तोंड उघडले. त्याच्या जिभेवरून मधाच्या रंगाचा एक मणी ओघळला. धूम्रकेशाने तो झेलला, मुठीत धरला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी नाव उभी होती, नावाडीही उभा होता, पण वल्हे पाण्यात कसे घालायचे ते त्याला आठवेना. वैद्याच्या बोटांना नाडी लागेना. कुंभाराचे चाक फिरे आणि माती नुसतीच गरगरे. सारे जण राजवाड्याकडे निघाले. राजाने एकेकाला सांगितले, "वल्हे असे धर." "या रोग्याला हे चाटण दे." "मडके आता उतरव." राजाने सांगितले, की काम होई. सारे कसब राजाच्या अंगात येऊन बसले होते. राजाला पहिल्या दिवशी बरे वाटले. म्हणाला, "आता माझ्या नकळत कुठलाही दरवाजा उघडणार नाही."

पण राजाची आज्ञा एका कामापुरतीच टिके. काम संपले, की माणूस पुन्हा वाड्यापुढे येऊन उभा राही. रांग वेशीपर्यंत गेली, मग वेशीबाहेर गेली. आणि हळूहळू, कधी कुणाला बहाल करावी लागली नव्हती अशीही कामे अडू लागली. माणसे चूल पेटवण्यासाठी विचारू लागली, दार लावण्यासाठी विचारू लागली.

रांगेत रंभा नावाची एक विणकरीण होती. तिच्या कडेवर तान्हे मूल होते. ते रडून रडून निळे पडले होते.

"महाराज, बाळाला पाजू का?"

"पाज," राजा म्हणाला.

थोड्या वेळाने ती पुन्हा रांगेत दिसली. उत्पला तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "अगं, तुला आत्ताच तर सांगितले ना?"

"तेव्हा पाजले, बाईसाहेब. आता त्याला पुन्हा भूक लागली आहे. माझा हात पदरापाशी जातो आणि तिथेच थांबतो."

उत्पला त्या थांबलेल्या हाताकडे पाहत राहिली. तिला घोड्यावर बसायची परवानगी होती, शिकायची परवानगी होती, दरबारात उभे राहायची परवानगी होती. परवानगीने माणूस किती चालतो आणि कुठे थांबतो, याचा विचार तिने आजवर केला नव्हता. तो हात पाहिल्यावर केला.

त्या आठवड्यात राजाला आसनावरून उठता येईना. साऱ्या राज्याची कसबे अंगात साठून त्याचे पाय जड झाले होते. राजवैद्याने धोतर वर करून पाहिले. पावले दगडाची झाली होती. पुढे घोटे दगडाचे झाले, मग पोटऱ्या. राजा बसल्या जागेवरून आज्ञा देत राहिला. त्याचा घसा बसला, तरी तो आज्ञा देत राहिला, कारण त्याने तोंड मिटले तर रंभेचे मूल उपाशी राहणार होते.

"तात, मी शब्द परत आणायला जाते," उत्पला म्हणाली.

"तू गेलीस तर माझ्याजवळ कोण?" राजाने विचारले. मग त्याने आपल्या दगडी पायांकडे पाहिले. "जा," तो म्हणाला. "पण परत ये."

त्या एका शब्दावर उत्पला निघाली. माळ ओलांडला, रान ओलांडले. राज्याच्या सीमेवर बेहड्याचे एक उंच झाड होते. तिथे तिचे पाऊल थांबले ते उचलेचना. तिने हाताने गुडघा ओढून पाहिला, उपयोग झाला नाही.

बेहड्यावर एक धनेश पक्षी बसला होता. त्याची चोच केवढीतरी मोठी होती आणि तिच्यात उंबराचे फळ होते. ते फांदीवर ठेवून तो म्हणाला, "कुणाच्या आज्ञेने चालत होतीस?"

"तातांच्या."

"ती इथे संपली. पलीकडचा मुलूख त्यांचा नाही."

"मग पुढे जायची आज्ञा मला कोण देईल?"

"मला विचारू नकोस, मी घाईत आहे. माझी बायको ढोलीत अंड्यांवर बसली आहे. दार चिखलाने लिंपले आहे, आणि भूक लागली की ती फार ओरडते."

"तिला तू कोंडलेस?"

धनेशाला राग आला. "तिनेच लिंपून घेतले. पिल्ले वाढली की तीच फोडील. दार तिचे, चोच तिची. मी फक्त उंबरे आणतो."

उत्पलाने सीमेच्या दगडाकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा असे झाले होते, की 'हो' म्हणायला तिच्यामागे कुणी नव्हते. तिला भीती वाटली. मग तिने स्वतःच म्हटले, "मी जाते," आणि पाऊल उचलले. तळव्याचे कातडे जमिनीला चिकटून राहावे तशी कळ उठली, पण पाऊल उचलले गेले. दुसऱ्या पावलाला कळ कमी होती.

"आकाशात धूर दिसेल तिकडे जा," धनेश म्हणाला आणि फळ उचलून उडाला.

धूम्रकेश डोंगराच्या पोटात एका गुहेत राहत होता. उत्पला आत गेली तेव्हा तो मणी जिभेवर ठेवून बसला होता. तिला पाहून त्याने तो काढला.

"हा शब्द माझ्याकडून चालत नाही," तो म्हणाला. "मी म्हणतो, पण काहीच घडत नाही."

"कुणाला काय दिलेत?"

"दिले कुणाला काहीच नाही. नुसता म्हणून पाहिला."

"मग तो मला द्या."

धूम्रकेशाने तिच्याकडे निरखून पाहिले. "तो कसा वापरतात, हे मला पाहायचे आहे. या गुहेत माझे तीन बंदी आहेत. ज्याचे जे अडले आहे ते त्याला बहाल कर. शब्द चुकीच्या जागी ठेवलास, तर तुझी जीभ दगड होईल. तिन्ही वेळा बरोबर वापरलास, तर तो घेऊन जा."

उत्पलाने मणी जिभेवर ठेवला. त्याची चव तुरट होती.

पहिली बंदी होती एक नदी. ती तांब्याच्या हंड्यात कोंडलेली होती आणि आत घुसळत होती. "मला वाहायचे आहे," ती म्हणाली.

उत्पलाला तातांच्या राज्यातली कोरडी शिवारे आठवली. ती म्हणाली, "वाहायला तुला मोकळीक देते, पण आमच्या शिवारा..."

'पण' म्हणताच तिच्या जिभेचे टोक दगडाचे झाले. ती जागच्या जागी थांबली. घाबरलेल्या मनाने तिने आपलेच बोलणे पुन्हा मनात म्हणून पाहिले. मोकळीक आणि तिच्यामागे 'पण', म्हणजे दोरीची एक बाजू आपल्याच हातात ठेवणे. तिने ती शिवारे मनातून सोडून दिली. सोडताना वाईट वाटले.

"वाहणे तुला बहाल," ती म्हणाली.

हंडा उलटला. नदी उसळून बाहेर आली, उत्पलाचे गाठोडे, शिदोरी आणि पायातल्या वहाणा घेऊन गेली, आणि तिला हव्या त्या दिशेने वाहू लागली. उत्पलाच्या जिभेचे टोक पुन्हा मऊ झाले.

दुसरा बंदी होता पंखांचा घोडा. त्याचे पंख लोखंडी तारेने जखडलेले होते. तो म्हणाला, "राजकन्ये, मला सोड. तू अनवाणी आहेस. मी तुला पाठीवर घेऊन घरी पोचवीन. हे माझे वचन."

उत्पलाला हायसे वाटले. तिने तोंड उघडले, तोच मणी निखाऱ्यासारखा तापला. तिने तोंड मिटले. ती घोड्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

"वचन परत घे," ती म्हणाली.

"का?"

"वचनाच्या बदल्यात दिले तर तो सौदा होईल. सौद्यासाठी हा शब्द नाही."

"परत घेतले," घोडा म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होते.

"उडणे तुला बहाल."

तारा गळून पडल्या. घोड्याने पंख पसरले, तो गुहेच्या तोंडातून वर उडाला, आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. उत्पला दारात उभी राहून तो ठिपका होईपर्यंत पाहत होती. तात आता कमरेपर्यंत दगड झाले असतील, हे तिला ठाऊक होते. ती तिथेच बसली आणि तिने डोळे पुसले. मग उठली.

तिसरा बंदी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली. तो सेनापती शूरपाल होता.

उत्पला एक पाऊल मागे सरली.

"हा माझ्याकडे विसर मागायला आला होता," धूम्रकेश म्हणाला. "विसर माझ्याजवळ नाही. मग म्हणाला, निदान मला कुणाला काही सांगावे लागू नये असे करा. म्हणून मी याची वाचा काढून घेतली. आता रोज रडतो."

शूरपालाने ओठांवर बोट ठेवले. मग त्याच हाताने राजधानीची दिशा दाखवली आणि दोन्ही हात जोडले. त्याला काय हवे आहे ते उत्पलाला कळले. त्याला राजापुढे उभे राहून बोलायचे होते.

"नाही," ती म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

"मग शब्द इथेच राहील," धूम्रकेश म्हणाला.

तिच्या डोळ्यांपुढे भावाचा चेहरा आला. तो हसताना एक डोळा बारीक करी. त्याचा घात करणाऱ्याचा आवाजसुद्धा आयुष्यात कधी ऐकू नये, एवढी एकच इच्छा तिच्या मनात होती. आणि ती इच्छा पुरी करणे अगदी सोपे होते. फक्त गप्प राहायचे होते. पण मग तिच्या ध्यानात आले, की तातही असेच करीत आहेत. ज्याने दुखवले त्याचे ऐकायचे नाही म्हणून त्यांनी साऱ्या राज्याचेच कान, हात आणि तोंड आपल्याकडे घेतले आहे.

ती वळली. शूरपालाच्या मस्तकावर हात ठेवताना तिला अंगावर शहारा आला. हात मात्र तिने काढला नाही.

"तुझे उत्तर देणे तुला बहाल."

शूरपालाच्या घशातून आधी नुसता घोगरा आवाज आला. मग तो म्हणाला, "राजकन्ये, युवराज शेवटी काय म्हणाले ते सांगू?"

"इथे नको. जे सांगायचे ते तातांपुढे."

धूम्रकेशाने शूरपालाची वाट सोडली. त्याच्या केसांतला धूर विरळ झाला होता. "ने," तो म्हणाला. "माझ्याजवळ देण्याजोगे काहीच नव्हते. म्हणून तो माझ्याकडून चालला नाही."

अनवाणी राजकन्या पुढे आणि सेनापती मागे, असे ते दोघे चालत राज्यात परतले.

राजा छातीपर्यंत दगडाचा झाला होता. त्याचा आवाज इतका खोल गेला होता, की हुजऱ्याला त्याच्या तोंडाशी कान नेऊन आज्ञा ऐकाव्या लागत. शूरपालाला पाहताच राजाच्या कपाळाची शीर फुगली.

"हा इथे कसा?"

"तात, याला बोलू द्या. मग तुम्हाला काय करायचे ते करा."

शूरपालाने खाली मान घातली नाही. तो म्हणाला, "महाराज, शत्रूने माझी मुलगी पळवून आणली होती. तिला दरवाजासमोर खांबाला बांधले होते. म्हणाले, उघड, नाहीतर हिला जाळू. मी नाही म्हटले. तेवढ्यात युवराज आले. त्यांनी फटीतून पाहिले आणि ते म्हणाले, 'दरवाजा उघडा, सेनापती. मी पुढे होतो.' मी म्हटले, महाराजांना विचारू. ते म्हणाले, 'विचारायला वेळ नाही.' अडसर माझा होता. नाही म्हणायचा अधिकार माझा होता. मी सरकवला. युवराजांनी मुलीच्या दोऱ्या कापल्या, तिला माझ्याकडे ढकलले आणि उंबरठा अडवून लढत राहिले."



"मुलगी?" राजाने विचारले.

"आहे. तुम्हाला तोंड दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. माझा गुन्हा तेवढा आहे, आणि तो मोठा आहे."

राजा समोर बघत राहिला. "तो लहानपणी," तो हळूच म्हणाला, "विहिरीत पडलेल्या मांजरासाठी विहिरीत उतरला होता. मला न विचारता. मी त्याला रागावलो होतो." आणि राजा रडू लागला. चिता पेटली त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच मोकळेपणाने रडत होता.

उत्पलाने मणी काढून पित्याच्या जिभेवर ठेवला. राजाने श्वास घेतला. म्हणाला, "जे माझे आहे, ते मी माझ्या प्रजेला दान..."

दगड गळ्यापर्यंत चढला. लोक किंचाळले.

"तात, तसे नाही!" उत्पला त्याच्या चेहऱ्याजवळ वाकली. "दान नव्हे. आपण इतकी वर्षे तो शब्द वापरला, पण त्याचा अर्थ उलटा धरला. बहाल करणे म्हणजे होते तसे पुन्हा करणे. नावाड्याचा हात नावाड्याचाच होता. आईचा पान्हा आईचाच होता. आपण हात ठेवला तो द्यायला नव्हे, आपली पकड काढून घ्यायला. ते तुमचे नाही, तात. म्हणून तर इतके जड झाले आहे."

राजाची हनुवटी दगडाची होत होती. त्याने डोळे उचलून दारातल्या रांगेकडे पाहिले. "मग माझे काय उरेल?" त्याने विचारले. आवाज लहान मुलासारखा होता.

"मला ठाऊक नाही," उत्पला म्हणाली. तिला खोटे बोलता आले असते, पण ती बोलली नाही.

राजाने डोळे मिटले.

"ज्याचे त्याला," तो म्हणाला, "बहाल."

आधी गळ्याचा दगड तडकला, मग छातीचा. बारीक वाळू होऊन तो आसनावरून खाली सांडू लागला. वाड्याबाहेर वैद्याने शेजारच्या माणसाचे मनगट धरले आणि त्याला नाडी लागली. रंभेचा हात पदरापाशी गेला आणि थांबला नाही. तिने तिथेच पायरीवर बसून मुलाला पाजले. राजाकडे तिने पाहिलेही नाही. रांग विरघळली. जो तो घाईघाईने आपल्या घरी गेला, कारण घरी कामे पडून होती. आभार मानायला कुणी थांबले नाही.

राजाला ते लागले. मग त्याने पाय हलवून पाहिला. पाय हलला.

"शूरपाल," तो म्हणाला, "माफी माझ्याजवळ सापडत नाही. पण रागही सापडत नाही. तू तुझ्या मुलीकडे जा."

शूरपालाने जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि तो गेला.

पुढच्या शुभ दिवशी वज्रबाहूने लेकीच्या मस्तकावर हात ठेवला. "राज्य," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द म्हणायला त्याला जराही वेळ लागला नाही. मणी त्याच्या जिभेवरून तिच्या जिभेवर गेला. उत्पलाने पुष्कळ वर्षे राज्य केले. शब्द वापरताना ती आधी गप्प राही, आपल्या मनात कुठे 'पण' उरला आहे का ते पाही आणि मगच बोले. लोक म्हणत, राणी बोलायला फार वेळ घेते. राणीला त्याचे काही वाटत नसे.

म्हातारा राजा आता पायी हिंडे. एका संध्याकाळी तो गावाबाहेरच्या रस्त्याने रमत गमत चालला होता. मागून एक गवळण म्हशी घेऊन आली. तिने त्याला ओळखले नाही.

"ओ बाबा, रस्त्याच्या मध्ये काय चालताय? म्हशी बुजतील. बाजूला व्हा जरा!"

राजा कडेच्या गवतात उतरला. म्हशी त्याच्या अंगावर धूळ उडवत, शेपट्या मारत निघून गेल्या. धुळीने त्याला शिंक आली. मग तो हसू लागला. तो एवढा हसला, की त्याला एका दगडावर टेकावे लागले. गवळणीने मागे वळून पाहिले, तिलाही हसू फुटले, आणि ती आपल्या म्हशी हाकत पुढे गेली.

राजाचे ओझे उतरले, प्रजेचे हात मोकळे झाले. सांगायचे होते ते सांगून झाले. ऐकले ते आता ऐकणाऱ्यांचे.